भावाच्या वाट्याचं दुखणं

माझा भाऊ आजारी पडला तेव्हा मला वाईट वाटलं. खूप वाटलं, रडले मी. पण खरं सांगायला काय हरकत आहे, त्या रडण्याच्या खाली कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं. आईचं दुखणं आम्हा दोघा भावंडांपैकी एकाला लागणार होतं, ते दादाला लागलं, म्हणजे मी मोकळी. डॉक्टरांनी आईच्या वेळीच सांगितलं होतं, मुलांना व्हायची शक्यता फिफ्टी-फिफ्टी. फिफ्टी-फिफ्टी, आणि मुलं दोन. आता यात न कळण्यासारखं काय आहे? लालबागच्या आमच्या चाळीतल्या अख्ख्या मजल्याने हाच हिशेब केला होता, आणि त्यात कॉलेजात गणित शिकवणारे एक सरही होते.

आईचं दुखणं काय होतं ते आधी सांगते. सुरू कधी झालं हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण आधी ते दुखणं वाटलंच नाही. आई बसल्या जागी खांदा उडवायची. मांडीवर ठेवलेली बोटं पेटी वाजवल्यासारखी हलायची. मग चेहरा सुरू झाला. मध्येच ओठ वाकडा, भुवई वर, जीभ बाहेर. आमच्यापासून दोन दारं सोडून एक बाई राहायच्या, त्यांचं म्हणणं पडलं की ही मला बघून तोंड वेंगाडते. त्यावरून गॅलरीत कडाक्याचं भांडण झालं. आई आपली गळ्याला हात लावून सांगतेय, "माका काय्येक ठावक नाय, मी काय्येक करूक नाय," आणि सांगता सांगता पुन्हा तोंड वेडंवाकडं. त्या बाई आमच्याशी पुढे कधीच बोलल्या नाहीत. आई गेली तेव्हासुद्धा दारातून बघून आत निघून गेल्या.

मग हातातून भांडी पडायला लागली, चालताना झोकांड्या जायला लागल्या. स्वभाव बदलला, क्षुल्लक गोष्टींवरून आदळआपट व्हायची, आणि शेवटी शेवटी तर घास गिळता येईना. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. ते नाव कुठल्या तरी गोऱ्या डॉक्टरच्या आडनावावरून पडलेलं आहे आणि आमच्या घरात कुणालाच ते धड उच्चारता आलं नाही, म्हणून आम्ही "आईचं दुखणं" असंच म्हणत राहिलो. डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून येतं, आईबापाकडून मुलांकडे. चाळिशी-पन्नाशीत डोकं वर काढतं, कधी त्याच्याही नंतर. गोळ्यांनी अंग हलायचं जरा कमी होतं, पण बरं होत नाही. रक्ताची टेस्ट असते, ती केली की आपल्यात ते आहे की नाही हे आधीच कळतं. आम्ही दोघांनी मान हलवली आणि घरी आलो. टेस्टचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

तर तो दोघांत एकाचा हिशेब. आम्ही मूळचे कोकणातले, आणि आमच्या भावकीत वाटणी होत नाही अशी वस्तू नाही. घराची होते, जमिनीची होते हे ठीकच आहे, पण फणसाचं झाड एकाचं आणि त्याच्या बांधाकडच्या फांद्या दुसऱ्याच्या, असंही असतं. विहिरीच्या पाण्याचे दिवस वाटलेले, देवळातल्या मानाचे दिवस वाटलेले. जे एकाच्या वाट्याला गेलं ते गेलं, दुसऱ्याने त्याच्याकडे बघायचं नाही. बाबा गेल्यावर लालबागची खोली आणि गावच्या घरातला हिस्सा दादाच्या नावावर झाला. मी हक्कसोडीवर सही केली. आमच्यात बहिणी करतातच. त्यात मन मोठं वगैरे काही नसतं, ती रीत आहे. पुढे दादाची बोटं हलायला लागली तेव्हा वहिनी मला डोळे पुसत म्हणाली, "खोली आमच्या वाट्याला आली वन्सं, मग हेसुद्धा आमच्याच वाट्याला यायचं." मी तिला म्हटलं, असं बोलू नये. पण मनात ते वाक्य मी अगदी घट्ट धरून ठेवलं. खोलीवरचा हक्क सोडला, आईच्या दागिन्यांवरचा सोडला, त्यातच हाही सुटला असं मला वाटायचं.

असं धरून चालण्यात माझी कितीतरी वर्षं बरी गेली. गिरगावात लग्न होऊन आले त्याला जमाना झाला. ह्यांची माझगाव गोदीतली नोकरी, मी घरी ब्लाउज शिवते. आमच्या वाडीतल्या आणि आजूबाजूच्या निम्म्या बायकांच्या अंगात माझं शिवण आहे. दर आठवड्याला लालबागला जाऊन दादाला बघायचं, वहिनीला जरा बाहेर पाय मोकळे करायला पाठवायचं, त्याला भरवायचं, आणि परत येताना बसमध्ये मनात म्हणायचं, बिच्चारा दादा. बिच्चारा म्हणताना माणूस स्वतः किती सुरक्षित असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

हे सगळं माझ्या लेकीने मोडलं. लेक एकुलती एक, लग्न होऊन दादरला असते. एका रविवारी ती एकटीच आली. मी एका गिऱ्हाइकाच्या बाहीला अस्तर लावत होते. ती समोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आई, आम्ही आता मुलाचा विचार करतोय." मला काय, मी मशीन थांबवून हसायलाच लागले. तर म्हणे, "त्याच्या आधी एक विचारायचंय. आजीच्या आजाराची टेस्ट तू करशील का?"

"मी कशाला? ते मामाला झालंय."

"मामाला झालं म्हणून तू सुटलीस असं नसतं गं."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात. डॉक्टर म्हणतात. प्रत्येक मुलाच्या वेळी नवीन नाणं उडतं. मामाचं त्याच्या वेळी उडलं, तुझं तुझ्या वेळी. दोघांनाही होऊ शकतं, दोघांनाही होणार नाही असंही असतं."

मला इतका राग आला की काय सांगू. तिचा नाही, कुणाचा ते कळेना, म्हणून तिच्यावरच काढला. म्हटलं, तुझ्या त्या मोबाइलमध्ये वाचून मला शिकवू नकोस, आई मी पाहिलीय, दादा मी बघतेय, तुम्ही काय पाहिलंत? ती शांतपणे ऐकत होती. तिचा हा शांतपणा बापाचा आहे, आणि तो मला त्याच्यातही सहन होत नाही. मग म्हणाली, "तुझी टेस्ट चांगली आली तर माझा प्रश्नच मिटतो. तुझ्यात नसेल तर माझ्यात येणार कुठून? म्हणून विचारलं. नको असेल तर नको. मग मी माझी करते."

मी नाही म्हटलं. सरळ नाही. का नाही, हे तिला नीट सांगता आलं नाही. आज कात्री हातातून पडली तर मी उचलते आणि पुढचं कापड घेते. टेस्टमध्ये आहे असं आलं तर ती कात्री मला पुन्हा कधीच नुसती पडलेली दिसली नसती. आईच्या बोटांकडे बघत मी माझी तरणी वर्षं काढलीत, आता स्वतःच्या बोटांकडे बघत म्हातारपण काढायचं? आणि कळून करायचं काय, औषध आहे कुठे? ह्यांना विचारलं तर हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तू ठरव. तुझ्या मनाविरुद्ध काही नको." हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय आणि त्याचा मला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही.

लेकीने तिची टेस्ट करायची ठरवली. पण टेस्टच्या आधी समजावून सांगणाऱ्या एक बाई असतात, त्यांना काउन्सेलर म्हणतात, त्यांना भेटायला आईला घेऊन या असा निरोप आला. म्हणून मी परळला गेले. काउन्सेलर बाई माझ्या लेकीच्याच वयाच्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर गोल आणि चौकोन काढले. गोल म्हणजे बायका, चौकोन म्हणजे पुरुष. आईचा गोल पेन्सिलीने काळा केला, दादाचा चौकोन काळा केला. माझा गोल कोरा ठेवला, त्याच्या खाली लेकीचा, तोही कोरा.

"एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी," त्या मला म्हणाल्या. "यांच्या रिपोर्टमध्ये दोष निघाला, तर तो तुमच्याकडूनच आलेला असणार. म्हणजे तुम्ही टेस्ट न करता तुमचंही उत्तर कळेल."

"आणि चांगला निघाला तर?"

"तर यांच्यापुरतं चांगलं. तुमच्याबद्दल त्यातून काहीच कळणार नाही. तुमच्यात असूनही तो यांच्याकडे गेला नसेल, असं असू शकतं."

मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. मला काही केल्या पटेना. वाईट निघालं तर दोघींचं वाईट, आणि चांगलं निघालं तर एकटीचंच चांगलं? हा कुठला न्याय? मी त्यांच्याशी वाद घालायला लागले, जसं काही तो नियम त्यांनीच केलाय. लेक मध्ये पडली. म्हणाली, "आईला जाणून घ्यायचं नाहीये. मी तिला रिपोर्ट सांगणार नाही."

"वाईट आला तर सांगणार नाही, की कसाही आला तरी सांगणार नाही?" काउन्सेलर बाईंनी विचारलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. त्या म्हणाल्या, "चांगला असला तर सांगाल आणि वाईट असला तर गप्प राहाल, तर त्या गप्प राहण्यावरूनच यांना कळेल. म्हणून आत्ताच ठरवा. एक तर काहीही आलं तरी सांगायचं, नाहीतर काहीही आलं तरी नाही."

आम्ही नाही सांगायचं ठरवलं. खाली येऊन चहा घेतला. लेक म्हणाली, "जमेल ना तुला?" मी म्हटलं, न जमायला काय झालं. ती माझ्यापेक्षा उंच आहे, त्या दिवशी मात्र बाकड्यावर अगदी एवढीशी दिसत होती.

रिपोर्ट यायला वेळ लागतो. ते दिवस कसे गेले हे मला अजूनही नीट जुळवता येत नाही. देवापुढे हात जोडले की काय मागायचं तेच कळेना. लेकीचा रिपोर्ट चांगला येऊ दे, हे तर होतंच, त्यात वाद नाही. पण ते मागताना मी तिच्यासाठी मागतेय की माझ्यासाठी, असा घोळ व्हायचा आणि मग मी मध्येच उठायचे. एका गिऱ्हाइकाच्या लग्नातल्या ब्लाउजचा मुंढा मी चुकीचा कापला. भारीतलं कापड. असं माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं, असं मी म्हणतेय तोवर ह्यांनी आठवण करून दिली की दोन दिवाळ्यांपूर्वीही झालं होतं, तेव्हाही मी असंच म्हणाले होते. त्याने बरं वाटावं की वाईट? तेव्हापासूनच सुरुवात झाली असेल तर? ह्यांच्यावर ओरडले मी, विचारलंय कुणी तुम्हाला म्हणून.

रिपोर्टचा दिवस मला सांगायचा नाही असं ठरलं होतं. पण एका दुपारी जिन्यात पावलं वाजली आणि ती आमच्या लेकीची होती हे मला दार उघडण्याआधी कळलं. हातात पेढ्यांचा पुडा. दारातच म्हणाली, "आई, निगेटिव्ह आहे. नाहीये माझ्यात." मी म्हटलं, अगं, सांगायचं नव्हतं ना? तर म्हणे, "असली बातमी पोटात कशी ठेवू? गेलं ते ठरवणं खड्ड्यात."

मी तिला धरून इतकी रडले की हे आतून घाबरून आले. मग हेही रडले. ह्यांना रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, ह्यांची आई गेली तेव्हा. पेढे वाडीत वाटले. कशाचे म्हणून विचारलं की मी सांगायचे, जावयांना बढती मिळाली. माझा स्वतःचा प्रश्न होता तिथेच होता, पण मला त्याची आठवण पण नव्हती. शंका आली का, असं कुणी विचारेल. नाही आली. चांगल्या बातमीवर कोण शंका घेत बसतं?

काही महिन्यांनी लेक म्हणाली की मुलासाठी ते डॉक्टरकडे जाणार आहेत. आयव्हीएफ करायचंय, बाहेर लॅबमध्ये गर्भ तयार करून मग पोटात ठेवतात ते. मी चकित झाले. म्हटलं, एवढ्यात कशाला, वर्ष-दोन वर्षं थांबा, वय काय तुमचं? तिने आवाज खाली केला. "त्याच्याकडून जरा प्रॉब्लेम आहे. तू त्याच्यासमोर बोलू नकोस हां, त्याला लागतं." मी कशाला बोलतेय? मी उलट जावयांना जपायला लागले. जेवायला आले की सुरमईचा मधला तुकडा त्यांच्या ताटात. मनात म्हणायचे, बिच्चारा, धडधाकट दिसतो पण बघा. माझ्या लेकीने किती समजूतदारपणे घेतलंय याचाही मला अभिमान वाटायचा. जावई मान खाली घालून जेवायचे. सगळं खायचे, एक शब्द बोलायचे नाहीत.

मग तो लालबागचा दिवस. मी नेहमीप्रमाणे दादाला भरवायला गेले होते. दादा आता बसून असतो, पाय सारखे हलत असतात, घास घशात अडकू नये म्हणून सगळं मऊ करून द्यावं लागतं. बोलणं कळत नाही, पण आपल्याला ओळखतो, डोळ्यांनी हसतो. मी त्याला मऊ भात भरवतेय आणि वहिनी माझ्यासमोर लसूण सोलतेय. म्हणाली, "तुमची लेक येऊन गेली वन्सं. लॅबवाल्याला घेऊन आली होती. ह्यांचं रक्त काढून नेलं."

"दादाचं? कशाला?"

"बाळासाठी लागतं म्हणाली, मामाचं. तुम्हाला सांगू नका म्हणाली होती. पण तुम्हाला नाही सांगायचं तर मग सांगायचं कुणाला?" आणि लसणाची पाकळी वाटीत टाकून वर म्हणते कशी, "नाहीतरी आपल्यात मामाशिवाय काय होतंय? कान टोचायला मामाची मांडी, जावळाला मामा, लग्नात मामा पाठीशी. आता डॉक्टर लोक पण मामाला विचारायला लागले. हे तर इतके खूश झाले, सुई टोचली तरी हात ओढला नाही."

मला ते तेव्हा पटलं. खरंच पटलं. कसली तरी तपासणी असेल, हल्ली काय काय काढतात. दादाचं तोंड पुसलं, भांडी विसळली, बसस्टॉपवर आले. बस मिळाली, खिडकीची जागा मिळाली, आणि भायखळ्याच्या आसपास माझ्या डोक्यात आलं की कान टोचताना मामा लागतो, पण मूल पोटात राहायच्या आधी मामाचं रक्त कशाला लागेल? आणि तेही या मामाचं? आणि मला का नाही सांगायचं? मी उतरायचं तिथे उतरलेच नाही. पुढच्या स्टॉपला उतरून मागे चालत आले.

दादाला दर काही महिन्यांनी परळला दाखवायला न्यावं लागतं. पुढच्या वेळी वहिनी औषधांच्या रांगेत उभी असताना मी दादाची व्हीलचेअर ढकलत त्या काउन्सेलर बाईंच्या दारात नेली. त्यांनी मला ओळखलं. मी म्हटलं, "एक विचारायचंय. कुणाबद्दल नाही, असंच." त्या म्हणाल्या, बसा. मी उभीच राहिले. "बाळासाठी मामाचं रक्त कधी लागतं?"

त्यांनी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी कुठल्याही पेशंटबद्दल काही सांगू शकत नाही."

"पेशंटबद्दल नाहीच विचारत. जगात कुणालाही."

त्या एकेक शब्द तोलत म्हणाल्या की ज्यांच्यात दोष असतो अशा जोडप्यांसाठी एक सोय आहे. गर्भ लॅबमध्ये तयार करतात, तपासतात, आणि ज्याच्यात दोष नाही तोच पोटात ठेवतात. तो ओळखायला घरातल्या आजारी माणसाचं रक्त कधी कधी ताडून बघायला लागतं. मी विचारलं, "आणि ज्यांचा रिपोर्ट चांगला आलाय, त्यांना?" त्यांनी टेबलावरचं पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं. "त्यांना यातलं काहीच करावं लागत नाही."

मी थँक्यू म्हटलं. व्हीलचेअर वळवली. दादाचे पाय नेहमीसारखे हलत होते आणि तो मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता. वहिनी रांगेतून येऊन म्हणाली, चला, झालं. आम्ही टॅक्सी केली.

म्हणजे लेकीत आहे. आणि लेकीत आहे म्हणजे माझ्यात आहे. दोन्ही एकदमच कळलं, पण आश्चर्य बघा, माझ्यातल्याची आठवण मला थेट संध्याकाळी झाली, हे आमटीत मीठ नाही म्हणाले तेव्हा. तोवर मी फक्त तिचाच विचार करत होते. पेढे घेऊन जिना चढताना तिला काय वाटलं असेल? वाटेत दुकानात थांबून पुडा बांधून घेताना? मी तिला धरून रडत होते तेव्हा ती माझ्या खांद्यावरून कुठे बघत होती? मी तिला जन्म दिला, शिकवलं, लग्न करून दिलं, आणि हेही दिलं. हे नको असलेलंही मीच दिलं, आणि ती मला त्याची झळ लागू नये म्हणून पेढे वाटत फिरली. मला तिचा संताप आला. एवढी मोठी झालीस का तू, की आईला फसवावंस? आणि लगेच असं वाटलं की धावत दादरला जावं आणि तिला मांडीवर घ्यावं. आणि जावई! तो पोरगा आपल्या बायकोत दोष आहे असं कळू नये म्हणून स्वतःच्या अंगावर घेऊन, माझी कीव गिळत, सुरमई खात बसला होता. मला त्याला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली.

ह्यांना सांगायचं की नाही? ह्यांना आधीच माहीत असेल तर? त्या दिवशी हे रडले ते नेमके कशासाठी रडले? विचारायची सोय नाही. विचारलं की मला कळलंय हे कळणार, आणि मला कळलंय हे लेकीला कळलं की तिने केलेलं सगळं वाया. मी कुणाशीच बोलले नाही. ब्लाउज शिवत राहिले. मला अजूनही कळत नाही की मी बरोबर केलं का.

गर्भ राहिल्याचं सांगायला ती आली तो परवा-परवाचा रविवार. यावेळी पेढे मीच आणले. ती दमलेली होती, पण चेहऱ्यावर उजेड होता. जेवण झाल्यावर म्हणाली, आई, डोकं जरा तेल लावून विंचरून दे ना. ती खाली पाटावर बसली, मी मागे खुर्चीवर. तेल जिरवून मी कंगवा घेतला. तेवढ्यात ती पुढे बघतच म्हणाली, "आणि आई, तू आता टेस्टबिस्टच्या भानगडीत पडू नकोस हां. माझी निगेटिव्ह आली ना, म्हणजे तुझीही तशीच असणार. उगाच कशाला रक्त द्यायचं."

काउन्सेलर बाईंनी नेमकं असं नसतं हेच मला परत परत समजावलं होतं, आणि ती शेजारीच बसली होती. तिला ते पाठ होतं. तिने मान वळवली नाही, पण ती माझ्या उत्तराची वाट बघतेय हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं.

"हो गं," मी म्हटलं. "मीही तेच म्हणत होते. तुझी चांगली म्हणजे माझी चांगलीच. आता कसली टेस्ट नि कसलं काय."

"खरंच ना?"

"खरंच. मी तर विसरूनही गेले होते."

तिने मोठा श्वास सोडला आणि डोकं माझ्या गुडघ्याला टेकवलं. खांदे सैल पडले. हे बाहेर गॅलरीत पेपर वाचत होते, पान उलटल्याचा आवाज आला. मी तिच्या केसांची बट धरून कंगवा फिरवायला लागले.

"आई, ओढू नकोस ना एवढं," ती म्हणाली.

मी नेहमीसारखीच विंचरत होते की हात आपोआप उडाला होता, ते मला सांगता येणार नाही.

"नाही ओढत," मी म्हटलं, आणि कंगवा दुसऱ्या हातात घेतला.